वर्ध्याची भाडेचिठ्ठी

घर पाहावें बांधून, असें म्हण सांगते. बांधलेलें घर दुसऱ्यास राहावयास देणें हेंही तितकेंच कठीण काम आहे, हें मात्र म्हणींत नाहीं. देणाऱ्यास धास्ती कीं घर परत मिळेल कीं नाहीं. घेणाऱ्यास धास्ती कीं उद्यां बिऱ्हाड उचलावें लागेल. या दोन धास्तींमधला समेट म्हणजे भाडेचिठ्ठी. आणि वर्धा जिल्ह्यांतील तिचा इतिहास मुंबई-पुण्याहून निराळा आहे.

नागपुरापासून वर्धा जिल्हा १८६२ सालीं वेगळा झाला व १८६६ सालीं वर्धा शहर वसलें. कापसाचा बाजार, रेल्वे आणि कचेऱ्या आल्या, तेव्हां परगांवचे कारकून, वकील व व्यापारी यांस भाड्याचीं घरें लागूं लागलीं. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा मध्यप्रांतास आरंभापासून लागू होता; मुंबई इलाख्यास तो १८९३ सालीं लागू झाला. या कायद्यानें एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदविल्यावांचून करतां येत नसे. महिनेवारीच्या भाडेकऱ्यास पंधरा दिवसांची नोटीस पुरे होई. नोंदणीचा खर्च टाळण्यासाठीं अकरा महिन्यांची चिठ्ठी लिहिण्याची जी चाल पडली, तिचें मूळ येथेंच आहे.

दुसऱ्या महायुद्धानें हें गणित मोडलें. घरें थोडीं, माणसें फार, आणि पंधरा दिवसांची नोटीस ही मालकाच्या हातांतील तलवार झाली. म्हणून मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारनें १९४६ सालीं कायदा केला व त्याखालीं १९४९ सालीं भाडेनियंत्रणाचा हुकूम काढला. भाडेनियंत्रकाच्या लेखी परवानगीवांचून मालकास नोटीसच देतां येईना. तीन महिन्यांचें भाडें थकणें, न विचारतां पोटभाडेकरू ठेवणें, मालकास स्वतःस राहावयास घर लागणें, अशीं कारणें सिद्ध करावीं लागत. परवानगी मिळाल्यावर नोटीस, आणि नोटिशीनंतर पुन्हां दिवाणी दावा. भाडेकऱ्याच्या डोक्यावरील छप्पर राहिलें हें खरें. पण दोन खोल्यांच्या भाड्यावर म्हातारपण काढणाऱ्या मालकाचीं वर्षें कचेरीच्या पायऱ्यांवर गेलीं, हेंही तितकेंच खरें.

१९५६ सालीं वर्धा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला. तरी हा जुना हुकूम विदर्भांत चालूच राहिला. मुंबईचा १९४७ चा कायदा एकीकडे, मराठवाड्याचा हैद्राबादी कायदा दुसरीकडे. एकाच राज्यांत तीन न्याय. ३१ मार्च २००० रोजीं महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अमलांत आला तेव्हां ही त्रेधा संपली.

या नव्या कायद्यानें एक मोठी गोष्ट केली. भाड्याचा करार असो वा केवळ राहण्याच्या परवानगीचा, म्हणजे ज्यास लीव्ह अँड लायसन्स म्हणतात तो असो, तो लेखी असावा व नोंदलेला असावा. आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांची पळवाट येथें चालत नाहीं. करार नोंदला नसेल, तर अटींविषयीं भाडेकरू सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. भाड्याची पावती देणें मालकास भाग आहे, आणि भाडेकऱ्यास हुसकावण्यासाठीं पाणी किंवा वीज तोडणें गुन्हा आहे. उलटपक्षीं, परवानगीची मुदत संपल्यावर जो घर सोडीत नाहीं, त्यास ठरलेल्या रकमेच्या दुपटीनें भरपाई द्यावी लागते.

सव्वाशें वर्षांच्या या प्रवासांत कायदा कधीं मालकाकडे झुकला, कधीं भाडेकऱ्याकडे. दोघांचेंही नुकसान झालें तें बहुधा एकाच कारणानें: बोलणें झालें, लिहिणें राहिलें. भाडें किती, अनामत किती, मुदत केव्हां संपते, दुरुस्ती कोणाकडे आणि घर सोडतांना पैसे कसे परत मिळावयाचे, एवढ्या पांच गोष्टी कागदावर आल्या, तर पुष्कळ भांडणें उंबऱ्याबाहेरच थांबतील. लिहून घेणें हा अविश्वास नव्हे. सलोखा टिकविण्याची ती रीत आहे.