गुंडाबाद
१. टॉल्कीनच्या काल्पनिक जगातल्या मिस्टी माउंटन्सच्या उत्तर टोकाचं हे शिखर. १९३७च्या ‘द हॉबिट’मध्ये ते ऑर्कांची राजधानी म्हणूनच येतं, इथेच फौजा जमवून ऑर्क ड्वार्फांच्या एरेबोर डोंगरावर चालून जातात. पण टॉल्कीनच्या मागाहून छापल्या गेलेल्या टिपणांनुसार ड्वार्फांचा एक मूळपुरुष ड्यूरिन याच डोंगरात जागा झाला. ऑर्कांनी बळकावलेलं हे ड्वार्फांचं पवित्र स्थान, म्हणूनच हा सल पिढ्यान्‌पिढ्या राहिला. मोरिया या त्यांच्या भूमिगत नगरीचीही तीच गत. तिथल्या माझार्बुलच्या दालनातली फाटकी, रक्ताळलेली रोजवहीची पानं टॉल्कीननं स्वतः रंगवली, त्यांच्या कडा जाळल्या. रंगीत छपाई महाग म्हणून १९५४मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ छापताना ती पानं वगळली गेली.