लाकडी पेलेटची निवड आणि साठवण : कोरडे ठेवा, पण कोंडू नका

युरोपातील हिवाळा घरखर्चाच्या हिशेबात दरवर्षी ठळकपणे उतरतो. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घर उबदार ठेवावे लागते आणि तेल, वायू वा वीज यांचे दर वाढले की त्याची झळ थेट कुटुंबाला बसते. इटली, ऑस्ट्रिया, जर्मनी, फ्रान्स या देशांत लाकडी पेलेटवर चालणाऱ्या शेगड्या गेल्या दोन-अडीच दशकांत मोठ्या प्रमाणावर घराघरांत आल्या, त्या याच कारणाने. नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने तेथे बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी कुटुंबांनाही आता अशा शेगडीशी गाठ पडू शकते. सरपण आणि कोळसा हाताळलेल्या माणसालाही हे इंधन मात्र नवे वाटते. त्याची पारख कशी करावी आणि ते कोठे ठेवावे, या दोन प्रश्नांवर घराची ऊब, शेगडीचे आयुष्य आणि प्रसंगी माणसाचा जीवही अवलंबून असतो.

पेलेट म्हणजे काय?

लाकूड कापण्याच्या गिरण्यांत उरलेला भुसा व रंधून काढलेला कीस वाळवून, बारीक करून, प्रचंड दाबाखाली पोलादी साच्याच्या छिद्रांतून ढकलला की पेन्सिलीच्या जाडीच्या छोट्या कांड्या तयार होतात. दाबामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेने लाकडातील लिग्निन हे द्रव्य मऊ होते आणि थंड झाल्यावर तेच डिंकाचे काम करते. त्यामुळे वेगळ्या गोंदाची गरज भासत नाही. फार तर थोडा स्टार्च मिसळला जातो.

घरगुती पेलेट-शेगडीचा उगम अमेरिकेच्या वायव्य भागातला. १९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर पर्यायी इंधनांचा शोध सुरू झाला आणि १९८० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातील जेरी व्हिटफील्ड या विमान-अभियंत्याने घरात ठेवता येईल अशी शेगडी विकसित केली. या शेगडीत वरच्या पेटीतील पेलेट मळसूत्री दांड्याने थोडे थोडे जळणपात्रात पडत राहतात आणि पंखा त्यांना हवा पुरवतो. ही सर्व यंत्रणा विजेवर चालते. पेलेट एकसारख्या आकाराचे, कडक आणि कोरडे असतील तरच ती सुरळीत चालते. निवडीचे सारे निकष याच गरजेतून आलेले आहेत.

महाराष्ट्रात पेलेट आणि ब्रिकेट हे शब्द कानावर येतात ते प्रामुख्याने कारखान्यांच्या बॉयलरच्या संदर्भात. तेथे शेतातील काडीकचरा व भुसकट वापरले जाते. अशा इंधनात राख आणि क्षार अधिक असतात. मोठ्या भट्टीला ते चालते, पण दिवाणखान्यातील छोट्या शेगडीला ते सोसत नाही.

पिशवीवर काय पाहावे?

युरोपात लाकडी पेलेटची प्रतवारी आयएसओ १७२२५-२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होते आणि ‘ईएनप्लस’ ही त्यावर आधारलेली प्रमाणन-योजना तेथे सर्वाधिक प्रचलित आहे. ए१, ए२ आणि बी अशा तीन प्रती आहेत. घरगुती शेगडीसाठी ए१ हीच प्रत योग्य. ही प्रत झाडाचे खोड किंवा रसायनांचा स्पर्श न झालेला गिरणीतील भुसा यांपासूनच बनवावी लागते. ए१ साठी ठरवलेल्या प्रमुख मर्यादा अशा :

• राख : वजनाच्या ०.७ टक्क्यांपर्यंत. (ए२ साठी १.२ आणि बी साठी २ टक्के.)
• ओलावा : १० टक्क्यांपर्यंत.
• व्यास : ६ किंवा ८ मिलिमीटर. लांबी साधारणपणे ४० मिलिमीटरपर्यंत.
• उष्णता : किलोमागे किमान ४.६ किलोवॉट-तास.

व्यास निवडताना शेगडीची पुस्तिका प्रमाण मानावी. बहुतेक घरगुती शेगड्या ६ मिलिमीटरच्या पेलेटसाठी बनवलेल्या असतात. अमेरिकेत पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूटची वेगळी प्रतवारी आहे. तेथील ‘प्रीमियम’ प्रतीत राखेची मर्यादा १ टक्का असते.

राखेचा आकडा दिसायला क्षुल्लक, पण परिणाम मोठा. शंभर किलो पेलेट जाळले की ए१ प्रतीत पाऊण किलोहून कमी राख उरते, तर बी प्रतीत ती दोन किलोंपर्यंत जाऊ शकते. शिवाय साल, माती वा वाळू मिसळलेली असेल तर राख कमी तापमानाला वितळते आणि जळणपात्रात तिचे काचेसारखे कडक खडे बनतात. हवेची छिद्रे बुजतात, ज्योत पिवळी व धुरकट होते आणि शेगडी बंद पडते.

प्रमाणित पिशवीवर बोधचिन्हाबरोबरच उत्पादकाचा वा विक्रेत्याचा क्रमांक असतो. नुसते चिन्ह छापलेले असून क्रमांक नसेल तर माल संशयास्पद समजावा. क्रमांक असल्यास तो योजनेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. बनावट चिन्हांचे प्रकार उघडकीस आलेले असल्याने ही दोन मिनिटांची तसदी घेणे हिताचे ठरते.

घरच्या घरी पारख

एकदम मोठी खरेदी करण्यापूर्वी दोन-तीन उत्पादकांची एकेक पिशवी आणून जाळून पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. पुढील साध्या चाचण्याही उपयोगी पडतात.

पिशवी उलटी करून तळाशी किती भुकटी साठली आहे, ते पाहावे. भरताना पिशवीतील भुकटी अर्ध्या टक्क्याहून अधिक नसावी, असा ए१ चा दंडक आहे. म्हणजे १५ किलोंच्या पिशवीत जेमतेम ७५ ग्रॅम. चांगल्या पेलेटचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि त्यावर लांबलचक भेगा नसतात. पाण्याने भरलेल्या पेल्यात टाकल्यास तो बुडतो. तरंगणारा पेलेट पुरेसा दाबलेला नाही, असे समजावे. वास ताज्या लाकडाचा यावा. रंग, गोंद किंवा रसायनांचा वास आल्यास तो माल घरात आणू नये.

रंगावरून मात्र निष्कर्ष काढू नये. फिकट पेलेट चांगले आणि गडद वाईट, हा समज सरसकट खरा नाही. झाडाची जात व वाळवण्याची पद्धत यांमुळेही रंग बदलतो. स्प्रूस, पाइन यांसारख्या मऊ लाकडाचे पेलेट कमी प्रतीचे असतात, हाही असाच एक गैरसमज. वजनाच्या मानाने त्यांची उष्णता कठीण लाकडाहून सहसा कमी नसते.

किती घ्यावे, केव्हा घ्यावे?

दोन किलो पेलेट साधारण एक लिटर तापन-तेलाइतकी उष्णता देतात. ८ किलोवॉटची शेगडी पूर्ण क्षमतेने चालवल्यास तासाला दोन किलोंच्या आसपास इंधन खाते. म्हणजे १५ किलोंची पिशवी सात-आठ तास पुरते. मंद आचेवर ती बरीच अधिक काळ चालते. पहिल्या हिवाळ्यात रोज किती पिशव्या लागल्या याची टिपण ठेवली, तर पुढील वर्षाचा अंदाज चुकत नाही.

दराची तुलना नेहमी किलोवर करावी. युरोपात पिशवी सहसा १५ किलोंची, तर अमेरिकेत ४० पौंडांची, म्हणजे सुमारे १८ किलोंची असते. अमेरिकेतील ‘टन’ २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा असतो, हेही ध्यानात असावे.

मागणी कमी असते त्या वसंत-उन्हाळ्यात दर बहुधा उतरलेले असतात. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर युरोपीय संघाने रशियन लाकडी मालाची आयात थांबवली आणि अनेक देशांत पेलेटचे दर दुपटीहून अधिक झाले. त्या टंचाईत स्वस्त पेलेटच्या जाहिराती देऊन आगाऊ रक्कम लाटणारी बनावट ऑनलाइन दुकानेही उगवली. बाजारभावापेक्षा फारच कमी दर आणि संपूर्ण रक्कम आधी भरण्याची अट ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, की सावध व्हावे.

ओलावा : इंधनाचा शत्रू

पेलेट पाण्याच्या संपर्कात आला की काही मिनिटांत फुगून त्याचा पुन्हा भुसा होतो. असा भुसा वाळवला तरी त्याचा पेलेट होत नाही आणि तो शेगडीत गेल्यास मळसूत्री दांडा अडकून बसतो. प्लास्टिकची पिशवी दिसायला बंद असली तरी हवा जाण्यासाठी तिला अनेकदा बारीक छिद्रे असतात. त्यामुळे पावसात ठेवलेली पिशवी सुरक्षित मानू नये.

पिशव्या छपराखाली, लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, जमिनीपासून काही इंच उंच ठेवाव्यात. सिमेंटची जमीन आणि बाहेरची भिंत ओलावा सोडते, म्हणून भिंतीपासूनही वीतभर अंतर असावे. ताडपत्री घातल्यास ती बाजूंनी गच्च बांधू नये, अन्यथा आतल्या आत दव धरते. थेट ऊन टाळावे. पिशव्या फेकू वा आपटू नयेत, कारण प्रत्येक आदळीगणिक भुकटी वाढते. जुना साठा आधी वापरावा. शेगडीला खेटून पिशव्या रचणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे असून पुस्तिकेत सांगितलेले अंतर कटाक्षाने पाळावे.

न दिसणारा वायू

ओलाव्याच्या भीतीने साठवणीची खोली हवाबंद करण्याचा मोह होतो आणि खरा धोका तेथेच दडलेला असतो. लाकडातील, विशेषतः पाइनमधील, मेदाम्लांचे हवेशी संयोग होऊन मंदगतीने ऑक्सिडीकरण होत राहते. त्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो आणि खोलीतील प्राणवायू घटतो. यासाठी जाळ लागत नाही. पेलेट नुसते पडून असले तरी ही क्रिया चालते. नव्याने बनवलेल्या मालात पहिल्या काही आठवड्यांत ती अधिक असते आणि उष्णतेने वेग घेते.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही लक्षणे जाणवेपर्यंत बाहेर पडण्याचे त्राण उरतेच असे नाही. बंद खोलीत रात्रभर कोळशाची शेगडी ठेवल्याने होणारे मृत्यू आपल्याकडेही परिचित आहेत. मारणारा वायू तोच. फरक इतकाच, की येथे विस्तव नसल्याने कोणाला संशय येत नाही.

२००६ मध्ये स्वीडनमधील हेल्सिंगबोर्ग बंदरात पेलेट वाहून आणणाऱ्या जहाजावर मालाच्या कोठाराला लागून असलेल्या जिन्यात उतरलेला खलाशी असाच दगावला. पुढे २०१० मध्ये जर्मनीत आणि २०११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निवासी इमारतींच्या पेलेट-कोठीत शिरलेल्या व्यक्तींचा मृत्यू झाला. त्यानंतर कोठ्यांच्या वायुवीजनाचे नियम कडक झाले आणि २०१८ मध्ये घरगुती साठवणुकीच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ २००२३ हे स्वतंत्र मानक आले.

मोठी कोठी असल्यास

काही पिशव्या हवेशीर पडवीत वा गॅरेजमध्ये ठेवणाऱ्याला या वायूची भीती फारशी नसते. टँकरमधून नळीवाटे सुटे पेलेट भरल्या जाणाऱ्या तळघरातील कोठीबाबत मात्र पुढील पथ्ये अनिवार्य समजावीत :

• कोठीची हवा थेट घराबाहेर जाण्याची कायम सोय असावी. पेलेट भरण्याच्या नळ्यांची हवेशीर झाकणे रंगाने वा बर्फाने बुजलेली नाहीत, हे पाहावे.
• शिरण्यापूर्वी यंत्रणा बंद करून दार किमान पंधरा मिनिटे उघडे ठेवावे. नव्याने माल भरल्यानंतरच्या काही आठवड्यांत, तसेच मोठ्या कोठीत, वायुमापकाने तपासल्याशिवाय पाऊल टाकू नये.
• एकट्याने आत जाऊ नये. बाहेर दुसरी व्यक्ती उभी असावी.
• आत कोणी कोसळल्यास धावत आत शिरू नये. आधी आपत्कालीन सेवेला बोलवावे. युरोपीय संघात त्यासाठी ११२ हा क्रमांक आहे.
• दाराला कुलूप व धोक्याची पाटी असावी. मुलांना ती जागा खेळायला मिळू नये.
• कोठीत विजेचे बटण, साधा दिवा वा जळती सिगारेट नको. लाकडाची उडती भुकटी पेट घेऊ शकते.

शेगडी असलेल्या खोलीत व झोपण्याच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर बसवावा. हा खर्च एका हिवाळ्यातील इंधनाच्या तुलनेत नगण्य असतो. मात्र गजर आहे म्हणून कोठीत बेधडक शिरण्याची मुभा मिळत नाही. हिवाळा संपल्यावर शेगडीची पेटी रिकामी करून तळाची भुकटी काढावी, धुराडे साफ करून घ्यावे आणि उरलेल्या पिशव्या कोरड्या जागी हलवाव्यात. भाड्याच्या घरात नव्याने राहायला जाणाऱ्यांनी तर सामान लावण्यापूर्वीच तळघरातील पेलेट-कोठी कोठे आहे आणि तिची हवा कोठून बाहेर जाते, हे घरमालकाकडून प्रत्यक्ष पाहून घ्यावे.