कंपनी कायदा : मूलतत्त्वे व लॅटिन संज्ञा

कंपनी कायदा म्हणजे कंपनीची स्थापना, तिचे भांडवल, तिचा कारभार आणि तिचे विसर्जन यांचे नियमन करणारी विधिशाखा होय. भारतात सध्या कंपनी अधिनियम, २०१३ लागू आहे. त्यापूर्वी १९५६ चा आणि त्याआधी १९१३ चा अधिनियम होता. मर्यादित दायित्वाचे तत्त्व भारतात १८५७ च्या अधिनियमाने आले. बँका व विमा कंपन्यांना मात्र ते तेव्हा नाकारण्यात आले होते. १८६० मध्ये त्यांनाही ते मिळाले. हा कायदा इंग्लंडच्या धर्तीवर घडल्यामुळे त्यात अनेक लॅटिन संज्ञा आल्या. आजही न्यायालयीन निकालांत आणि वकिलांच्या नित्य बोलण्यात त्या आढळतात.

'कंपनी' हा शब्दही मुळात लॅटिनच आहे. 'कुम' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. एका पंक्तीला बसून जेवणारे ते सोबती, असा त्याचा मूळ अर्थ. त्याच 'पानिस'पासून पोर्तुगीज भाषेमार्गे मराठीत 'पाव' आला. त्यामुळे कंपनी आणि पाव हे शब्द एकाच कुळातले ठरतात.

स्वतंत्र विधिक व्यक्तित्व

नोंदणी होताच कंपनी तिच्या सभासदांहून वेगळी अशी कायदेशीर व्यक्ती बनते. ती स्वतःच्या नावाने मालमत्ता घेते, करार करते, दावा लावते, आणि तिच्यावरही दावा लावता येतो. सभासद मरण पावले किंवा बदलले तरी तिचे अस्तित्व अखंड राहते. इंग्लंडमधील सॅलोमन खटल्याने (१८९७) हे तत्त्व दृढ झाले. अशा व्यक्तीला 'पर्सोना फिक्टा' म्हणजे कल्पित व्यक्ती म्हणतात. 'पर्सोना' हे मुळात नटाच्या मुखवट्याचे नाव होते.

ही कल्पना परकी वाटली तरी ग्रामीण वाचकाला तिचे उदाहरण गावातच सापडते. कुरवंड्यासारख्या मावळातील गावाची ग्रामपंचायत ही १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ९ नुसार अखंड परंपरा व सामायिक मुद्रा असलेली विधिक संस्थाच आहे. सरपंच बदलतात, पंचायत तीच राहते. पंचायत आणि कंपनी यांत फरक एवढाच की पंचायतीत भाग विकत घ्यावे लागत नाहीत. गावात राहणे पुरेसे असते. हा फरक लहान नाही, हे पुढील भागात दिसेल.

मावळ-मुळशीतील तीन कंपन्या

कुरवंडे-लोणावळ्याच्या परिसराने कंपनी या संस्थेचे सामर्थ्य फार जवळून पाहिले आहे. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली. लोणावळा, वळवण व शिरोता येथील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला नेऊन १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली जाऊ लागली. १९१६ मध्ये आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. तिचे ठोकरवाडी धरण आंदर मावळात आहे. नावातील 'आंध्र' हे त्या खोऱ्याच्या नावाचे इंग्रजी वळण असून आंध्र प्रदेशाशी त्याचा संबंध नाही. तिसरी टाटा पॉवर कंपनी १९१९ मध्ये मुळशी धरणाच्या योजनेसाठी निघाली. तिन्ही कंपन्या एकाच उद्योगसमूहाच्या असल्या तरी कायद्याच्या दृष्टीने त्या तीन निरनिराळ्या व्यक्ती होत्या. तिघींचे भागधारक, हिशेब व देणी वेगवेगळी होती. २००० मध्ये पहिल्या दोन कंपन्या तिसरीत विलीन झाल्या. अशा विलीनीकरणास तेव्हा उच्च न्यायालयाची मंजुरी लागत असे. आता ते काम राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे आहे.

मुळशी योजनेविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. हा लढा केवळ धरणाचा म्हणून सांगितला जातो. पण त्याच्या मुळाशी कायद्याचा एक प्रश्न आहे. १८९४ च्या भूसंपादन अधिनियमात कंपन्यांसाठी जमीन घेण्याचे स्वतंत्र प्रकरण होते. सरकारने कंपनीशी करारनामा करून सार्वजनिक उपयोगाच्या कामासाठी तिला जमीन संपादून द्यावी, अशी त्याची रचना होती. कंपनीचे भागधारक मुंबईत, त्यांचे दायित्व त्यांनी घेतलेल्या भागांपुरते मर्यादित. आणि ज्यांची शेते व घरे पाण्याखाली जाणार ते मावळे कंपनीचे सभासद नव्हेत, धनकोही नव्हेत. कंपनी कायद्याच्या पुस्तकात त्यांना जागाच नव्हती. सत्याग्रह अयशस्वी झाला आणि धरण उभे राहिले.

येथे 'लोकस स्टँडाय' ही संज्ञा समजून घेणे आवश्यक आहे. न्यायालयापुढे उभे राहण्याचा अधिकार, असा तिचा अर्थ. लॅटिन 'स्टारे' आणि संस्कृत 'स्था' हे धातू सगोत्र आहेत. बोलीत 'तुमचा लोकस काय?' असे विचारतात ते याच अर्थाने. २०१३ च्या अधिनियमातील कलम १६६ नुसार संचालकांनी सभासदांबरोबरच कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांच्या हिताचाही विचार सद्भावनेने करावयाचा आहे. पण कलम २४५ खालील सामूहिक दावा सभासद व ठेवीदारच लावू शकतात. समाजाचे नाव कलमात आले, दारातून आत येण्याची वाट मात्र त्याला मिळाली नाही. बाधितांना जो काही आधार आहे तो दुसऱ्या कायद्यात आहे. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन अधिनियमाने खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक ठरवली.

अधिकारमर्यादा : अल्ट्रा व्हायरीस

कंपनीचे घटनापत्रक तिची उद्दिष्टे सांगते आणि नियमावली अंतर्गत कारभार ठरवते. उद्दिष्टांच्या बाहेरचे कृत्य 'अल्ट्रा व्हायरीस', म्हणजे अधिकाराबाहेरचे, आणि म्हणून 'अॅब इनिशिओ' म्हणजे आरंभापासूनच शून्य असते. सर्व भागधारकांनी एकमताने मान्यता दिली तरी ते वैध होत नाही. अधिकाराच्या आतील कृत्यास 'इन्ट्रा व्हायरीस' म्हणतात.

हे तत्त्व सांगताना पाठ्यपुस्तके सामान्यतः इंग्लंडमधील अॅशबरी रेल्वे कंपनीचा १८७५ चा निकाल देतात. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र जहांगीर मोदी विरुद्ध शामजी लधा या खटल्यात ते त्यापूर्वीच, १८६७ च्या सुमारास लागू केले होते. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील भागांचा सट्टा बुडाला होता. अधिकार नसताना संचालकांनी कंपनीचा पैसा भागखरेदीत गुंतवला. एका भागधारकाने दावा लावला आणि अशी रक्कम संचालकांना कंपनीस भरून द्यावी लागते, हे ठरले. विद्यार्थ्यांनी अॅशबरीच्या आधी हे नाव लिहावे.

पडदा आणि पडद्यामागे

कंपनीची मालमत्ता भागधारकांची नसते. बच्चा गझदर खटल्यात (१९५५) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. चहाच्या मळ्याच्या कंपनीकडून मिळालेला लाभांश हे भागधारकाचे शेती उत्पन्न ठरत नाही, कारण मळा कंपनीचा आहे. उलट, वेगळ्या व्यक्तित्वाचा पडदा फसवणुकीसाठी वापरला तर न्यायालय तो दूर सारते. मुंबईचे सर दिनशा पेटिट यांनी चार खासगी कंपन्या काढून आपली गुंतवणूक त्यांच्या नावे केली आणि तिचे उत्पन्न कर्ज म्हणून स्वतःकडे घेतले. मुंबई उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये या कंपन्या करदात्याचेच दुसरे रूप ठरवल्या. अशा स्थितीत 'अल्टर इगो' हा शब्दप्रयोग वापरतात. त्यातील 'इगो' हा संस्कृत 'अहम्'चा सगोत्र आहे.

सभा व विसर्जनातील संज्ञा

'कोरम' म्हणजे गणपूर्ती, शब्दशः 'ज्यांच्यापैकी'. सार्वजनिक कंपनीत १,००० पर्यंत सभासद असल्यास ५, ५,००० पर्यंत १५ आणि त्याहून अधिक असल्यास ३० सभासद प्रत्यक्ष हजर लागतात. खासगी कंपनीत २ पुरतात. अर्ध्या तासात गणपूर्ती न झाल्यास सभा साधारणतः पुढील आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी व त्याच जागी होते आणि तेव्हाही अर्ध्या तासात संख्या न भरल्यास हजर असलेले सभासद हीच गणपूर्ती मानतात. पुढील दिवस न ठरवता सभा तहकूब झाली तर ती 'सायनी डाय'. यातील 'डाय' 'दिवस' शब्दाशी सगोत्र आहे.

'प्रो राटा' म्हणजे हिश्श्याच्या प्रमाणात. मागणी जास्त आल्यास भागवाटप असे करतात. 'पॅरी पासू' म्हणजे समान पावलांनी, एकाच क्रमांकावर. या दोन शब्दांवर कामगारांची घरे अवलंबून असतात. कंपनी बुडाली की पैसे कोणाला आधी मिळणार, हा खरा प्रश्न असतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार प्रक्रियेचा खर्च वजा जाता कामगारांची विसर्जनापूर्वीच्या २४ महिन्यांची थकबाकी आणि तारण सोडून देणाऱ्या धनकोची बाकी एकाच पायरीवर येतात. भागधारक सर्वांत शेवटी.

'बोना फाइड' म्हणजे सद्भावनेने आणि 'माला फाइड' म्हणजे दुर्भावनेने. 'प्रायमा फेसी' म्हणजे सकृद्दर्शनी. 'इंटर सी' म्हणजे आपापसात. 'इंटर' आणि 'अंतर्' एकाच मुळाचे. 'म्युटाटिस म्युटान्डिस' म्हणजे आवश्यक ते फेरफार करून. एखादे कलम दुसऱ्या प्रसंगी लागू करताना ते वापरतात. 'मेन्स रिया' म्हणजे गुन्हेगारी मनोवृत्ती. 'मेन्स' आणि 'मति' सगोत्र आहेत. कंपनीला मन नसल्यामुळे तिचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्यांचे मन तिचे मानतात.

अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेत हा विषय 'चिटणीसाची कार्यपद्धती' या नावाने शिकवला जातो. 'चिटणीस' हा शब्द शिवकालीन दप्तरातला आहे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्यामुळे तो परिचित आहे.