हौस कुणाची, हात कुणाचे?

गिरगावात वाढलेल्या माणसाने मोटारींच्या शर्यतींवर लेख लिहावा, याचे कुणाला हसू आले तर मी त्याला दोष देणार नाही. आमच्या वाडीत सायकली तीन होत्या, मोटार एकही नव्हती. मोटार वाडीच्या तोंडाशी येई ती लग्नाच्या किंवा डॉक्टरांच्या निमित्ताने, आणि ती जाईपर्यंत आम्ही पोरे तिच्याभोवती उभी राहत असू. तरीही हा विषय मला परका नाही. माझे मामा लालबागला चाळीत राहत आणि ऑपेरा हाऊसजवळच्या एका गॅरेजात मिस्त्री होते. जुहूच्या विमानतळावर हौशी मंडळी शर्यती खेळत, त्यांतल्या एकदोन गाड्या मामांच्या हातून तयार होऊन जात.

शर्यतींचा इतिहास बहुधा चालकांच्या नावांनी लिहिला जातो. पण अगदी पहिल्या प्रसंगापासून चालकाच्या शेजारी दुसरा कुणीतरी बसलेला दिसतो. 1894 साली पॅरिस ते रूआँ अशी मोटारींची चाचणी झाली. सर्वांत आधी पोचली ती द दियाँ यांची वाफेची गाडी. पण पहिले बक्षीस तिला मिळाले नाही. ती चालवण्यासाठी भट्टीत कोळसा घालणारा आणखी एक माणूस लागे, आणि असल्या गाडीला सोयीची कसे म्हणावे, असा परीक्षकांचा विचार होता. बक्षीस पेजो आणि पानार यांच्या पेट्रोलच्या गाड्यांना विभागून गेले. पुढे ग्रां प्री शर्यतींतही चालकाच्या बाजूला मेकॅनिक बसत असे. वाटेत गाडी बिघडली तर उतरून दुरुस्त करायची आणि उलटली तर बरोबर मरायचे, हे त्याचे काम. 1925 पासून त्याला गाडीतून उतरवण्यात आले. त्याच्या जिवाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. मात्र त्याबरोबर तो छायाचित्रांतूनही उतरला.

आपल्याकडे मोटार आली तीही परीक्षार्थी म्हणून. 1904 च्या डिसेंबरात दिल्लीहून मुंबईला मोटारींची चाचणी-दौड निघाली. 1908 साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर अशीच चाचणी झाली: 620 मैलांची वाट आणि सह्याद्रीतले सहा घाट. आज त्या रस्त्याने बंद काचांच्या गाडीतून जाणाऱ्याला याची कल्पना येणार नाही. रस्ता खडी-मुरमाचा, समोरून बैलगाड्यांच्या रांगा, पेट्रोल डब्यांतून बरोबर न्यायचे. या चाचणीत 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाच्या रोल्स-रॉइस गाडीने नाव कमावले आणि नंतर ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. गाडीचे नाव राहिले, महाराजांचे राहिले. घाटाघाटांत तिच्यात पाणी ओतणारे आणि चाकांमागे दगड लावणारे हात कुणाचे, ते कुणी लिहून ठेवले नाही.

चाचणीची शर्यत व्हायला मोकळी सपाट जागा लागते, आणि ती जगभर दुसऱ्या महायुद्धाने दिली. युद्ध संपले आणि बांधलेल्या धावपट्ट्या ओस पडल्या. इंग्लंडात सिल्व्हरस्टोनच्या विमानतळावर 1948 साली शर्यती सुरू झाल्या. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरम, कलकत्त्याजवळ बराकपूर आणि मुंबईत जुहू. जुहूचा विमानतळ 1928 सालचा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते याच ठिकाणी. पुढे मोठी विमाने सांताक्रूझला गेली, जुहूला निवांतपणा आला आणि पन्नाशी-साठीच्या दशकांत तिथे अधूनमधून मोटारी धावू लागल्या.

धावणार कोणत्या मोटारी, हा प्रश्न होता. परदेशी गाड्यांची आयात सरकारने आवळली होती. शिवडीला जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना 1928 पासून होता, तो 1954 साली बंद झाला. माझे मामा त्याच कारखान्यात शिकले होते. कोकणातून आलेला मुलगा. गिरणीत जायचा तो शिवडीला गेला, एवढेच त्याचे वेगळेपण. कारखाना बंद पडल्यावर अशी कितीतरी माणसे शिवडी-परळ-लालबागच्या चाळींतून शहरातल्या गॅरेजांत पांगली. त्याच सुमारास वालचंद हिराचंदांनी स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 बाहेर पडू लागली. पुढे जिची 'पद्मिनी' झाली आणि जिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने मुंबईला 2023 सालापर्यंत वाहिले, तीच ही गाडी. कुटुंबाला चौपाटीवर नेण्यासाठी केलेली ही गरीब गाय हौशी मंडळींनी शर्यतीला जुंपली, कारण बाजारात दुसरे काही मिळतच नव्हते.

या तुटवड्यामुळेच मिस्त्रीचे महत्त्व वाढले. श्रीमंत देशात हौशी माणूस वेगवान गाडी विकत घेतो. इथे ती घडवावी लागे. मामा आधी मागची सीट, गालिचे, बंपर काढून वजन कमी करत. मग इंजिनाचे हेड उतरवून त्याचा खालचा पृष्ठभाग इंचाच्या काही हजारांशांनी घासून आणत. त्यामुळे पेट्रोलचा वायू अधिक दाबला जातो आणि स्फोटाला जोर येतो. वायूच्या वाटा आतून काचेसारख्या गुळगुळीत करायच्या, एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर बसवायचे. सुटा भाग हवा असेल तर चोरबाजारात फेरी मारायची. तिथेही नाहीच मिळाला तर लेथवर काढायचा. ही सारी कामे रविवारी होत, कारण आठवडाभर गॅरेज गिऱ्हाइकांचे असे.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना मामांनी मला एकदा जुहूला नेले. चर्नी रोडहून गाडीने सांताक्रूझ आणि तिथून बस. धावपट्टीच्या कडेला रिकामी पिंपे मांडून वळणे केली होती. समुद्राच्या वाऱ्यात जळक्या तेलाचा वास मिसळला होता. गाड्या सुटल्या तेव्हा मला फक्त आवाज कळला. मामा मात्र धावपट्टीकडे पाठ करून, मान खाली घालून उभे होते. "मामा, बघत का नाही?" मी विचारले. "अरे, ऐकतोय मी. तू बघ आणि मला सांग." माझ्या लक्षात येण्यापूर्वीच ते म्हणाले, "ठोकायला लागलं."

हेड मर्यादेबाहेर घासले आणि पेट्रोल हलके असले, की वायू वेळेआधी पेटतो आणि पिस्टनवर घणासारखे घाव बसतात. चौथ्या फेरीला निळा धूर सोडत आमची गाडी थांबली. पिस्टन जळाला होता. गाडीचे मालक हेल्मेट काढून सर्वांदेखत मामांना बोलले. आणखी घासू नका, असे मामांनी आठवडाभर आधी माझ्यासमोर सांगितले होते. तरी ते गप्प राहिले. नव्या पिस्टनचे पैसे गॅरेजने त्यांच्या पगारातून कापले. परतीच्या गाडीत मी रागाने विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "गाडी त्यांची, पैसा त्यांचा, हौस त्यांची. आपण कशाला बोला?"

ते वाक्य माझ्या मनात पुष्कळ वर्षे काट्यासारखे राहिले. 1968 च्या डिसेंबरात लंडन-सिडनी मॅरेथॉनच्या मोटारी मुंबईत आल्या. लंडनहून निघालेल्या 98 पैकी 72 इथवर पोचल्या आणि 'चुसान' बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुंबईत रॉजर क्लार्क पुढे होता; सिडनीला जिंकला अँड्र्यू कोवन. तेव्हाही मी कडवटपणे मामांना म्हटले, की यांची नावे छापून येतील. मामांनी उत्तर दिले नाही. एका गाडीच्या पुढच्या स्प्रिंगांना मागून आधार कसा दिला होता, हे ते मला रस्ताभर सांगत राहिले.

पुढे शर्यती जुहूहून गेल्या. 1980 साली मुंबईच्याच नझीर हुसेन यांनी हिमालयन रॅली उभी केली; 1990 साली मद्रासजवळ कायमची धावपट्टी झाली. मुंबई शहरात अशी धावपट्टी अजून नाही. ज्यांना हौस आहे ते मोकळ्या मैदानात खुणा मांडून ऑटोक्रॉस खेळतात: एका वेळी एकच गाडी, आणि प्रतिस्पर्धी म्हणजे घड्याळ. रोजच्या वापरातली गाडीही त्याला चालते. सामान्य माणसाला परवडण्याच्या सर्वांत जवळचा प्रकार हाच.

मामा गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक वही निघाली. तारखा, गाडीचे नंबर, किती हजारांश घासले, कोणता जेट बसवला, सारे नीट मराठीत. कामाच्या दिवसांपुढे मजुरीचे आकडे आहेत. रविवारांपुढे तो रकाना कोरा आहे, एकूणएक रविवारी. जुहूच्या त्या दिवसापुढे लिहिले आहे: "मी नको म्हटले होते. तरी घासले मीच. चूक माझी." आणि खाली पुढच्या वेळी काय करायचे त्याचे माप.

ही वही वाचेपर्यंत मी मामांना अन्याय सोसणारा माणूस समजत होतो. अन्याय झाला होता, यात शंका नाही. कापलेला पगार खराच होता. पण जो पैसे न घेता, केवळ आवडीपोटी आपला सुटीचा दिवस देतो, त्यालाच तर आपण हौशी म्हणतो. त्या व्याख्येने जुहूच्या धावपट्टीवरचे पहिले हौशी माझे मामा ठरतात, आणि लालबाग-परळचे त्यांच्यासारखे अनेक. गाडीतल्या वाक्यात ते माझ्याशी, किंवा स्वतःशीही, पुरते खरे बोलले नव्हते. हौस त्यांचीही होती.

उद्या कुणी मुंबईच्या शर्यतींचा इतिहास लिहायला बसले, तर त्याने विजेत्यांच्या याद्या जरूर पाहाव्यात. पण त्याआधी लालबाग-परळच्या चाळींत एक फेरी मारून कुणाच्या पेटीत अशी वही आहे का, हे विचारावे. माझ्याजवळची मी त्याला आनंदाने देईन.