दियेंग कुलोन

दियेंग कुलोन हे इंडोनेशियाच्या मध्य जावा प्रांतातील बांजारनेगारा जिल्ह्याच्या बातुर तालुक्यातील एक गाव आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर, दियेंग पठार या ज्वालामुखीय प्रदेशात वसलेले आहे. जावा बेटावरील सर्वांत प्राचीन हिंदू मंदिरांचा समूह, बटाट्याची शेती, भूऔष्णिक वीज आणि थंड हवा यांसाठी हा परिसर प्रसिद्ध आहे. ज्या भूमीवर गावाची उपजीविका चालते, तीच भूमी विषारी वायू, वाफेचे स्फोट आणि मातीची धूप यांमुळे धोकादायकही आहे. त्यामुळे येथील शेती, ऊर्जा आणि पर्यटन या तिन्ही व्यवसायांचा विचार एकत्रितपणेच करावा लागतो.

नाव

'दियेंग' हे नाव 'दी ह्यांग' या जुन्या शब्दांवरून आले असे मानले जाते. 'दी' म्हणजे स्थान किंवा पर्वत आणि 'ह्यांग' म्हणजे देवता किंवा पूर्वजांचे दैवी रूप. म्हणून 'देवांचे निवासस्थान' असा या नावाचा अर्थ होतो. जावी भाषेत 'कुलोन' म्हणजे पश्चिम व 'वेतान' म्हणजे पूर्व. दियेंग वेतान हे शेजारचे गाव मात्र वोनोसोबो जिल्ह्यात मोडते. जिल्ह्यांची सीमा पठारावरूनच जात असल्याने येथील प्रेक्षणीय स्थळांचे व्यवस्थापनही दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे.

भूगोल आणि हवामान

दियेंग हा एकच शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी नसून अनेक विवरे, लहान शंकू, सरोवरे आणि गरम पाण्याचे झरे यांचा समूह आहे. पठाराच्या ईशान्येला २,५६५ मीटर उंचीचा प्राऊ पर्वत आहे. सिकिदांग, सिलेरी, सिनिला आणि तिंबांग ही येथील प्रमुख विवरे होत. गंधकयुक्त पाण्यामुळे रंग बदलणारे तेलागा वार्ना हे सरोवर वोनोसोबोच्या हद्दीत आहे. मध्य जावातील महत्त्वाची सेरायू नदी याच पठारावर उगम पावते आणि चिलाचापजवळ हिंदी महासागराला मिळते.

पावसाळा साधारणपणे ऑक्टोबर ते एप्रिल या काळात असतो. कोरड्या ऋतूत, विशेषतः जून ते ऑगस्टदरम्यान, निरभ्र रात्री तापमान शून्याखाली जाऊन दहिवर गोठते. स्थानिक लोक त्याला 'बुन उपास' म्हणजे 'विषारी दव' म्हणतात, कारण त्यामुळे बटाट्याची पाने करपतात. विषुववृत्ताजवळील देशात हिमकण पाहण्यास मिळत असल्याने याच दिवसांत पर्यटकांची गर्दी होते. एकाच पहाटेने शेतकऱ्याचे नुकसान आणि निवासगृह चालवणाऱ्याचा फायदा होणे, हे गावाच्या अर्थव्यवस्थेचे वैशिष्ट्य आहे.

मंदिरे

दियेंगची मंदिरे सातव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आठव्या शतकाच्या अखेरपर्यंत बांधली गेली असावीत. ती प्रामुख्याने शिवाला अर्पण केलेली असून बोरोबुदुर आणि प्रांबानान यांच्यापेक्षा जुनी आहेत. या परिसरात सापडलेला एक शिलालेख शके ७३१ (इ.स. ८०९) मधील आहे. पुढे हे स्थान ओस पडले. १८१४ मध्ये, जावावर ब्रिटिशांचा ताबा असताना, पाण्याने वेढलेल्या अवस्थेत ही मंदिरे पुन्हा प्रकाशात आली. नंतर डच राजवटीत पाण्याचा निचरा करण्यात आला आणि १८६० च्या दशकात इसिडोर फान किन्सबेर्गेन यांनी त्यांची छायाचित्रे घेतली.

मुख्य समूहात अर्जुन, सेमार, श्रीकांदी, पुंतादेवा आणि सेंबाद्रा ही पाच मंदिरे आहेत. गातोत्काचा, द्वारावती आणि बिमा ही मंदिरे त्यांच्यापासून काहीशी दूर आहेत. श्रीकांदी म्हणजे शिखंडी, पुंतादेवा म्हणजे युधिष्ठिर, सेंबाद्रा म्हणजे सुभद्रा आणि गातोत्काचा म्हणजे घटोत्कच. सेमार हे पात्र मात्र मूळ महाभारतात नाही; 'वायांग' या जावी छायानाट्यातील तो पांडवांचा विनोदी, पण दैवी उत्पत्तीचा सेवक आहे. ही नावे बांधकामाच्या काळातील नसून, मूळ नावे विस्मृतीत गेल्यावर वायांगच्या परंपरेतून रूढ झाली. श्रीकांदी मंदिराच्या बाह्य भिंतींवर ब्रह्मा, विष्णू आणि शिव यांची शिल्पे आहेत. बिमा मंदिराच्या शिखरावर कोनाड्यांमधून बाहेर डोकावणारी मुखे कोरलेली आहेत. अशी रचना जावामध्ये दुर्मीळ आहे. येथे सापडलेली शिल्पे गावातील कैलास संग्रहालयात ठेवलेली आहेत.

लोकजीवन

येथील बहुसंख्य लोक मुस्लिम असून जावी भाषा बोलतात. पठारावरील काही मुलांच्या डोक्यावर लहानपणी आपोआप जटा तयार होतात. अशा मुलांना 'गिंबाल' म्हणतात आणि लोककथेत त्यांचा संबंध क्याई कोलोदेते या पूर्वजाशी जोडला जातो. मुलाने स्वतः संमती दिल्यावरच आणि त्याने मागितलेली वस्तू त्याला दिल्यावरच 'रुवातान' हा विधी करून जटा कापतात व पाण्यात सोडतात. २०१० पासून स्थानिक पर्यटन गट दियेंग सांस्कृतिक महोत्सव भरवतो आणि मंदिरांच्या परिसरात हा विधी सार्वजनिकरीत्या पार पाडला जातो.

शेती

१९८० च्या दशकापासून बटाटा हे पठारावरील प्रमुख पीक बनले. त्याने अनेक कुटुंबांना पक्की घरे, वाहने आणि मुलांचे उच्च शिक्षण मिळवून दिले. १९९८ मधील राजकीय उलथापालथीनंतर सरकारी वनजमिनींवर अतिक्रमणे वाढली आणि तीव्र उतारांवरही लागवड झाली. साचलेल्या पाण्यात बटाटा कुजत असल्याने शेतकरी सऱ्या उताराला आडव्या न काढता उताराच्या दिशेने काढतात. त्यामुळे पाणी लवकर निघून जाते, परंतु त्याबरोबर सुपीक मातीही वाहून जाते. परिणामी कोंबडीखत आणि कीटकनाशके यांवरील खर्च वाढत गेला. वाहून गेलेला गाळ सेरायू नदीवरील म्रिचा धरणाच्या जलाशयात साचतो. या धरणावर सुमारे १८० मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र असल्याने दियेंगच्या शेतांतील धूप हा खालच्या प्रदेशाच्या विजेचाही प्रश्न ठरतो.

पूरक पिकांमध्ये कोबी, गाजर आणि 'कारिका' यांचा समावेश होतो. कारिका ही मूळची दक्षिण अमेरिकेच्या आंदीज पर्वतातील लहान पपई असून तिचे पाकातील तुकडे बाटलीबंद करून विकले जातात. तिची झाडे बहुवर्षायू असल्याने माती धरून ठेवण्यासही मदत होते. 'पुर्वाचेंग' ही औषधी वनस्पतीही येथे प्रसिद्ध आहे.

भूऔष्णिक ऊर्जा

पठारावर ६० मेगावॅट क्षमतेचे भूऔष्णिक वीजकेंद्र असून ते जिओ दिपा एनर्जी ही सरकारी कंपनी चालवते. त्यापूर्वी १९९० च्या दशकात एका अमेरिकी कंपनीच्या हिमपुर्ना या उपकंपनीने येथे विकासाचा करार केला होता. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटानंतर इंडोनेशियातील अनेक ऊर्जाप्रकल्प स्थगित झाले आणि वीजखरेदीचा वाद लवादाकडे गेला. १९९९ मध्ये लवादाने सरकारी वीज कंपनीला सुमारे ३९ कोटी अमेरिकी डॉलर भरपाई देण्याचा आदेश दिला. आंतरराष्ट्रीय गुंतवणूक कायद्याच्या अभ्यासात हे प्रकरण वारंवार उद्धृत केले जाते.

ज्वालामुखीचे धोके

येथील बहुतेक उद्रेक लाव्हाचे नसून वाफेचे असतात आणि ते फारशी पूर्वसूचना न देता घडू शकतात. २० फेब्रुवारी १९७९ रोजी पहाटे सिनिला विवराचा उद्रेक झाल्यावर केपुचुकान येथील रहिवासी घरे सोडून बातुरच्या दिशेने निघाले. वाटेत जमिनीतून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडने त्यांना गाठले आणि १४० हून अधिक लोक मरण पावले. हा वायू रंगहीन, गंधहीन आणि हवेपेक्षा जड असल्याने सखल भागांत साचतो. २०११ मध्ये तिंबांग विवरातील वायूचे प्रमाण वाढल्याने शेकडो लोकांना हलवावे लागले. जुलै २०१७ मध्ये सिलेरीच्या उद्रेकात काही पर्यटक जखमी झाले. धोक्याच्या काळात विवरांभोवती प्रवेशबंदीची कक्षा जाहीर केली जाते.

पर्यटन

वोनोसोबो शहरापासून दियेंग सुमारे २६ किलोमीटर अंतरावर असून रस्ता घाटाचा आहे. योग्याकार्ता आणि सेमारांग या शहरांतून येथे रस्त्याने येता येते. पर्यटकांची राहण्याची सोय बहुतांशी ग्रामस्थांच्या घरांतच होते. मंदिरे, सिकिदांग विवर, तेलागा वार्ना आणि सूर्योदयासाठी प्रसिद्ध असलेली सिकुनिर टेकडी ही मुख्य आकर्षणे आहेत. सिकुनिरच्या पायथ्याचे सेंबुंगान हे जावातील सर्वांत उंचावरील गाव मानले जाते. सुटीच्या दिवशी अरुंद रस्त्यांवर वाहनांची कोंडी होते आणि कोरड्या ऋतूत शेती व निवासगृहे यांची पाण्याची गरज एकाच वेळी वाढते.

जमीन आणि गुंतवणूक

१९६० च्या मूलभूत कृषी कायद्यानुसार जमिनीची पूर्ण मालकी ('हाक मिलिक') सामान्यतः केवळ इंडोनेशियाच्या नागरिकांना मिळते. परदेशी व्यक्तींना मुदतीचा वापरहक्क, तर इंडोनेशियात नोंदलेल्या कंपन्यांना बांधकामाचा किंवा लागवडीचा मुदतीचा हक्क मिळू शकतो. परदेशी भांडवलासाठी २००७ चा गुंतवणूक कायदा लागू आहे. मंदिर परिसराला २०१० च्या सांस्कृतिक वारसा कायद्याचे संरक्षण आहे, तर उतारांवरील बरीच वनजमीन पेरुम पेरहुतानी या सरकारी महामंडळाच्या ताब्यात आहे. २०१४ च्या ग्राम कायद्याने गावांना स्वतंत्र निधी आणि ग्राममालकीचे उद्योग ('बुमदेस') चालवण्याचा अधिकार दिला. त्यामुळे बाहेरील गुंतवणूकदाराला मोकळी जमीन फारशी मिळत नाही आणि लहान निवासगृहे, फळप्रक्रिया व वाटाड्यांची सेवा हे व्यवसाय मुख्यतः ग्रामस्थांच्याच हाती आहेत.