मैदानाची पात्रता

बंगळूरच्या राजाजीनगरातील मराठी घर असो की मुंबईच्या दादरमधील, पहाटे मैदानाकडे निघालेल्या मुलाला वडीलधाऱ्यांचा प्रश्न एकच असतो : अभ्यासाचे काय? घरातला हा साधा प्रश्न शिक्षणसंस्थांच्या नियमांत कसा उतरला, याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे आणि त्यात दोन वाटा स्पष्ट दिसतात.

पहिली वाट अमेरिकेतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे फुटबॉलचे वेड इतके वाढले की, सामन्यापुरते नाव दाखल करणारे भाडोत्री विद्यार्थी संघांत दिसू लागले. म्हणून जानेवारी 1895 मध्ये शिकागो येथे सात विद्यापीठांचे अध्यक्ष जमले आणि नियमित शिक्षण घेणाऱ्यालाच संघात स्थान द्यावे, असे त्यांनी ठरविले. अशा नियमाची गरज किती होती, हे 1896 साली अन्यत्र दिसून आले. वेस्ट व्हर्जिनियात शिकणारा फील्डिंग योस्ट लाफाएट महाविद्यालयात दाखल झाला, पेनसिल्व्हेनियाच्या बलाढ्य संघाविरुद्ध खेळला आणि सामना जिंकून लवकरच स्वस्थानी परतला!

पुढे ही कसोटी शाळांपर्यंत पोचली व अधिक कडक झाली. टेक्सास राज्याने 1984 मध्ये कायदाच केला. एखाद्या विषयात शेकडा 70 पेक्षा कमी गुण पडले, तर विद्यार्थ्याला सहा आठवडे सामने वर्ज्य. शाळा शिकण्यासाठी असते, हे समर्थकांचे म्हणणे. ज्या मुलाला केवळ खेळच शाळेशी बांधून ठेवतो, त्याचा तोही धागा तुटेल, ही विरोधकांची भीती. तथ्य दोहोंतही होते.

दुसरी वाट आपल्याकडची. मुंबईत शालेय क्रिकेटची हॅरिस ढाल स्पर्धा 1897 पासून चालत आली आहे. तेथील पात्रता मुख्यतः वयाची आणि शाळेच्या पटावरील नावाची. म्हणूनच रमाकांत आचरेकरांच्या सल्ल्यावरून सचिन तेंडुलकर शाळा बदलून शारदाश्रमात आला, आणि फेब्रुवारी 1988 मध्ये विनोद कांबळीसह त्याने 664 धावांची अभेद्य भागीदारी रचली. महाराष्ट्रात तर पुढे गुणपत्रिकाच खेळाडूच्या मदतीस आली. वरच्या पातळीवर खेळणाऱ्या विद्यार्थ्याला शालान्त परीक्षेत 25 पर्यंत वाढीव गुण मिळू लागले. तिकडे गुणांनी मैदान उघडते. इकडे मैदान गुण देते.

या सवलतीमागे न्याय आहे, कारण सरावाचे तास अभ्यासातूनच वजा होतात. परंतु वाढीव गुणांनी निकाल सावरतो. बुडालेला पाठ परत येत नाही.

बंगळूरमध्ये वाढलेल्या, मराठी घरातल्या राहुल द्रविडने फेब्रुवारी 1991 मध्ये, अठराव्या वर्षी, रणजी स्पर्धेत पदार्पण केले आणि खेळता खेळता वाणिज्य शाखेची पदवीही मिळविली. 1996 साली लॉर्ड्सवर पहिल्याच कसोटीत त्याने 95 धावा केल्या. त्यानंतर उपजीविकेसाठी ती पदवी त्याला लागली नाही, हे खरे. पण प्रत्येक शाळेच्या संघातून द्रविड निघत नाही. उरलेल्या मुलांची बॅट विशीतच कोपऱ्यात जाते, आणि तेव्हा हाती काय उरले, हा हिशेब सुरू होतो. पात्रतेचा नियम असतो तो या मुलांसाठी. खेळू द्यावे की नाही, एवढेच त्याने ठरवून भागत नाही. खेळ संपल्यावर मुलगा रिकाम्या हाताने घरी परतू नये, याचीही जबाबदारी त्याच्याकडे येते.