नावासकट उभी राहिलेली कंपनी

शहरात भाड्याने खोली शोधत होतो तेव्हाची गोष्ट. फोनवर पूर्ण नाव सांगितले की पलीकडचा माणूस क्षणभर गप्प व्हायचा आणि मग जागा 'कालच गेलेली' असायची. एका मित्राने प्रेमाने सल्ला दिला, 'फोनवर नुसते समीर सांग, आडनाव भेटल्यावर बघू.' मी दोनदा तसे केलेही. तिसऱ्यांदा जीभ वळली नाही.

जपानच्या सॉफ्टबँक या कंपनीचा इतिहास वाचताना हा सल्ला पुन्हा आठवला. ही कंपनी सुरू होण्यापूर्वी तिच्या संस्थापकालाही घरच्यांनी हाच सल्ला दिला होता.

मासायोशी सोन यांचा जन्म १९५७ साली क्युशू बेटावरच्या तोसु गावात झाला. आजी-आजोबा कोरियातल्या देगू भागातून आलेले. जपानने १९१० मध्ये कोरिया गिळंकृत केला आणि त्यानंतर लाखो कोरियन माणसे पोटासाठी, पुढे सक्तीच्या मजुरीसाठी जपानात आली. १९४० पासून वसाहतीच्या सरकारने कोरियनांना जपानी धाटणीची नावे घ्यायला भाग पाडले. युद्ध संपले, साम्राज्य गेले; पण १९५२ मध्ये जपानात राहिलेल्या या लोकांचे जपानी नागरिकत्वही गेले. जिथे जन्म झाला तिथेच ते परदेशी ठरले. मोठ्या कंपन्यांची दारे बंद असल्यामुळे भंगार, खानावळी, पाचिंको नावाच्या जुगारवजा खेळाची दुकाने असे धंदे त्यांच्या वाट्याला आले. सोन यांच्या घरी डुकरे पाळली जात. आजी गावातले खरकटे गोळा करून हातगाडीवर आणायची आणि लहानगा मासायोशी त्याच गाडीवर बसायचा. बालवाडीत कोरियन म्हणून दगड खाल्ल्याची आठवण त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितली आहे. कागदोपत्री घराणे सोन, पण व्यवहारात आडनाव यासुमोतो.

अशी दोन नावे बाळगण्याची किंमत काय असते, हे एका खटल्यातून जपानला कळले. १९७० मध्ये पार्क जोंग-सोक या कोरियन तरुणाने हिताची कंपनीच्या नोकरीच्या अर्जावर आपले जपानी नाव लिहिले. निवड झाली. मग कंपनीने घराण्याच्या नोंदीचा दाखला मागितला, तेव्हा तो कोरियन असल्याचे उघड झाले आणि नोकरी रद्द झाली. खोटे नाव दिले, हा कंपनीचा युक्तिवाद. पण खरे नाव दिले असते तर दारात तरी उभे केले असते का? १९७४ मध्ये योकोहामाच्या न्यायालयाने पार्क यांच्या बाजूने निकाल दिला.

त्याच वर्षी सोळा वर्षांचा मासायोशी, वडील आजारी असताना, घरच्यांचा विरोध पत्करून कॅलिफोर्नियाला गेला. बर्कली विद्यापीठात अर्थशास्त्र शिकता शिकता त्याने एका प्राध्यापकाच्या मदतीने बोलणारे भाषांतर यंत्र बनवले आणि ते शार्प कंपनीला विकून भांडवल उभे केले. परत आल्यावर कंपनी काढायचे ठरले, तेव्हा नातेवाइकांनी विनवले, यासुमोतो नावानेच काढ. सोन नावाने काढलीस तर बँक कर्ज देणार नाही, लोक नोकरीला येणार नाहीत, आणि आम्हा सगळ्यांचे कोरियनपण उघडे पडेल. त्याने ऐकले नाही.

१९८१ च्या सप्टेंबरात टोकियोत सॉफ्टबँक स्थापन झाली. नावात बँक असली तरी काम घाऊक व्यापाऱ्याचे होते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडून माल घ्यायचा आणि दुकानांना पुरवायचा. जोडीला संगणकाची मासिके. सुरुवातीच्या दिवसांत फळांच्या खोक्यावर उभे राहून सोन यांनी दोन अर्धवेळ कामगारांपुढे भविष्यातल्या अफाट उलाढालीचे भाषण दिले आणि ते दोघे लवकरच काम सोडून गेले, हा किस्सा ते स्वतःच सांगतात. पुढे यकृताच्या आजाराने काही वर्षे कारभार दुसऱ्याच्या हाती द्यावा लागला.

१९९० मध्ये त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले. तिथेही नाव आडवे आले. जपानी आडनावांत 'सोन' असे आडनाव नाही, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे. तेव्हा त्यांच्या जपानी पत्नीने न्यायालयातून आपले आडनाव बदलून 'सोन' करून घेतले. आता त्या आडनावाची एक जपानी व्यक्ती अस्तित्वात आली होती! अर्ज मंजूर झाला.

१९९४ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या याहू या कोवळ्या कंपनीत तिने पैसे घातले आणि वर्षभरात एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा घेतला. १९९६ मध्ये दोघांनी मिळून याहू जपान काढली. १९९९ च्या ऑक्टोबरात सॉफ्टबँक स्वतः धंदा करणारी कंपनी उरली नाही. इतर कंपन्यांचे हिस्से सांभाळणारी होल्डिंग कंपनी झाली. २००० च्या जानेवारीत याहू जपानच्या एका शेअरची किंमत दहा कोटी येनच्या वर गेली. मग फुगा फुटला. सॉफ्टबँकेचा शेअर सुमारे ९९ टक्के कोसळला आणि सोन यांची सुमारे सात हजार कोटी डॉलरांची संपत्ती विरून गेली.

कंपनी वाचली ती दोन गोष्टींमुळे. एक, २००१ मध्ये तिने टेलिफोनच्या तारांवरून स्वस्त आणि वेगवान इंटरनेट देऊन एनटीटीच्या मक्तेदारीला टक्कर दिली. २००६ मध्ये व्होडाफोनचा जपानी व्यवसाय विकत घेतला. दुसरी, २००० मध्ये चीनच्या अलीबाबात घातलेले दोन कोटी डॉलर. २०१४ मध्ये अलीबाबा न्यूयॉर्कच्या बाजारात आली, तेव्हा तो हिस्सा सात हजार कोटी डॉलरांच्या पुढे गेला होता.

यापुढचा अध्याय आपल्याशी जास्त संबंधित आहे. २०१७ मध्ये सॉफ्टबँकेने जवळपास दहा हजार कोटी डॉलरांचा व्हिजन फंड उभा केला. त्यातले साडेचार हजार कोटी सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीचे. आपल्याकडे तेव्हा काहींनी कौतुकाने म्हटले, पाहा, मुसलमानांचा पैसा आता तंत्रज्ञानात! पण या फंडात बाहेरच्या गुंतवणूकदारांच्या रकमेचा मोठा भाग ठरावीक वार्षिक सात टक्के परताव्यावर घेतलेला होता. नफ्यातोट्यात भागीदारी हे आपण ज्या व्यवहाराचे तत्त्व म्हणून मिरवतो, त्यात हे कसे बसते हे उलेमांनी सांगावे. २०१८ च्या ऑक्टोबरात इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत पत्रकार जमाल खशोगी यांची हत्या झाली. सोन यांनी हत्येचा निषेध केला, रियाधच्या परिषदेतले भाषण टाळले, पण पैशाचे नाते तोडले नाही. दगड खाल्लेले पोर मोठे होऊन सत्तेसमोर वेगळे वागेलच, असे नसते.

फंडाच्या उधळपट्टीचे फळ २०१९ मध्ये वीवर्कच्या पडझडीत दिसले. या फंडाने पैसे घातलेली पेटीएम २०२१ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या बाजारात आली आणि पहिल्याच दिवशी २,१५० रुपयांचा शेअर सुमारे २७ टक्के घसरला. होल्डिंग कंपनीचा एक डाव बुडाला तर दुसरा तिला तारतो. बचतीतून शेअर घेणाऱ्या घराकडे दुसरा डाव नसतो.

मग सोन यांच्या गोष्टीतून काय घ्यायचे? आपल्या जलशांत आणि व्याख्यानांत 'शिका, धंदा करा, श्रीमंत व्हा, मग नाव कोणी विचारणार नाही' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. सोन यांचे उदाहरण त्यांना सोयीचे वाटेल. पण त्यांना स्वतःचे नाव लावता आले, कारण कंपनीच त्यांची होती. ज्याला दुसऱ्याच्या दारात अर्ज घेऊन जायचे आहे, त्याच्या उपयोगी पडला तो पार्क जोंग-सोक यांचा खटला. त्या खटल्यामागे चार वर्षांची चिकाटी होती आणि त्यात जपानी तरुणही त्यांच्या बरोबर उभे होते. मुलांना सोन यांची गोष्ट जरूर सांगावी. तिच्याबरोबर पार्क यांचीही सांगावी, कारण आपल्या बहुतेक मुलांना कंपनी काढायची नाही, नोकरी हवी आहे आणि राहायला एक खोली.

मला ती मिळाली, पूर्ण नाव सांगून, अकराव्या फोनला. अकरावा घरमालक चांगला माणूस होता. पण आधीच्या दहा जणांना जाब विचारणारे कोणी नव्हते.